अमेरिकेत डिसॅबिलिटीचा अर्ज नामंजूर झाला? न्यायाधीशासमोरच्या सुनावणीत काय होतं ते समजून घ्या

सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे पेन्शन आणि अपंगत्वाचे लाभ देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याचं, पत्र येतं. तुमचे कागद तपासले, तुम्हाला त्रास आहे हे दिसतं, पण तो काम थांबवण्याइतका नाही, असा त्याचा सूर असतो. ज्याला सकाळी मोजे घालायला बायकोची मदत लागते, त्याला हे वाचून आपल्याला खोटं ठरवल्यासारखं वाटतं. मग घरात चर्चा होते आणि बरेचदा तिचा शेवट "जाऊ दे, सरकारशी कोण भांडणार" असा होतो. न्यू जर्सी असो नाहीतर बे एरिया, आपल्या घरांतून हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं, आणि खरं नुकसान तिथे होतं. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त अर्ज नामंजूर होतात. आणि तोवर निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणीही तुमच्याशी समोरासमोर बसून बोललेलं नसतं. ती संधी पुढे, सुनावणीत मिळते.

हा पैसा कोणाचा?

आधी संकोचाचं बोलू, कारण अपील न करण्यामागे तोच जास्त असतो. आजारी पडल्यावर सरकारपुढे हात पसरायचा, ही भावना आपल्याकडे खोल आहे. पण सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे एसएसडीआय, हा नावाप्रमाणेच विमा आहे. तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी 6.2 टक्के कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. दोघांच्या वाट्यातले प्रत्येकी 0.9 टक्के अपंगत्व विम्याच्या निधीत जातात. 1956 साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केल्यापासून ही योजना आहे. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असतानाही हे पैसे कापले जात होतेच. हप्ते भरलेत, त्यामुळे दावा करताना खाली मान घालण्याचं कारण नाही.

विमा म्हटला की अट आली. कामाच्या बदल्यात वर्षाला जास्तीत जास्त चार 'क्रेडिट' जमा होतात. 2025 साली दर 1,810 डॉलरच्या कमाईला एक क्रेडिट होतं. वय 31 किंवा त्याहून जास्त असेल तर साधारणपणे अपंगत्वाच्या आधीच्या दहा वर्षांत 20 क्रेडिट लागतात, म्हणजे पाच वर्षांचं काम. तरुणांना कमी चालतात. नोकरी सुटली की हे संरक्षण काही वर्षांनी संपतं. सलग काम केलेल्यांच्या बाबतीत ते साधारण पाच वर्षं टिकतं. ज्या दिवशी ते संपतं त्याला 'शेवटची विमा तारीख' म्हणतात. त्या तारखेच्या आधी तुम्ही अपंग झाला होतात हे दाखवावं लागतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

भारतात केलेल्या नोकरीची वर्षं यात धरत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा करार भारत आणि अमेरिका यांच्यात झालेला नाही. एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर वर्षानुवर्षं घर सांभाळलेल्या, नोकरीची परवानगीच नसलेल्या बाईच्या नावावर क्रेडिट नसतात. मला हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय वाटतो, पण नियम तसा आहे. एसएसआय नावाची दुसरी योजना क्रेडिटवर अवलंबून नाही. ती गरजूंसाठी आहे, एकट्या माणसाची मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत असावी लागते आणि नागरिक नसलेल्यांना ती फार थोड्या परिस्थितींत मिळते. सुनावणीची पद्धत मात्र दोन्हींची सारखीच आहे.

नकार आल्यानंतर काय करायचं?

नकाराचं पत्र मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करायचं. पत्र टपालाने पाच दिवसांत पोहोचलं असं धरतात, म्हणून व्यवहारात पत्रावरच्या तारखेपासून 65 दिवस. उशीर झालाच, आणि इस्पितळात होतो, पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं असं सबळ कारण असेल, तर ते लिहून कळवता येतं. पण त्यावर भिस्त ठेवू नका.

पहिलं अपील म्हणजे फेरविचार. पहिला निर्णय देणाऱ्या राज्याच्याच कार्यालयातला दुसरा अधिकारी तेच कागद पुन्हा पाहतो, काही नवे आले असतील तर तेही. दहावी-बारावीला गुणपडताळणीचा अर्ज केला की बेरीज तपासून बहुतेक वेळा तोच निकाल परत येतो, तसंच इथेही बरेचदा होतं. म्हणून दुसऱ्या नकाराने खचू नका. त्यानंतर, पुन्हा 60 दिवसांत, सुनावणी मागायची. ती प्रशासकीय न्यायाधीशासमोर होते. आधीच्या दोन्ही नकारांचं बंधन या न्यायाधीशावर नसतं. तो किंवा ती सगळं प्रकरण पहिल्यापासून, नव्याने पाहते.

"अपिलात महिनोन्‌महिने जातात, त्यापेक्षा नवा अर्ज केला तर?" हा प्रश्न हमखास येतो आणि याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'नको' असंच आहे. एसएसडीआयमध्ये अर्जाच्या तारखेच्या मागे जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंतचेच पैसे मिळू शकतात. नवा अर्ज म्हणजे नवी तारीख, आणि मधल्या महिन्यांच्या पैशांवर पाणी. शिवाय ती शेवटची विमा तारीख. ती उलटून गेली असेल आणि जुना नकार तुम्ही आव्हान न देता स्वीकारलेला असेल, तर त्याच काळाबद्दल पुन्हा दाद मागणं फार कठीण होतं. खरोखर आजारी असलेली माणसं केवळ या एका चुकीने बाहेर फेकली जातात.

न्यायाधीशाला नेमकं काय ठरवायचं असतं?

गैरसमजाचं मूळ इथे आहे. आपण सुनावणीला आजार सिद्ध करायला जातो. न्यायाधीशाला ठरवायचं असतं ते वेगळंच: हा आजार असताना हा माणूस आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास, कोणतं काम करू शकतो?

त्यासाठी पाच प्रश्न क्रमाने विचारले जातात. सध्या तुम्ही ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावताय का? (2025 साली दृष्टिहीन नसलेल्यांसाठी ही रक्कम महिन्याला 1,620 डॉलर होती, ती दरवर्षी बदलते.) आजार गंभीर आहे का, आणि तो किमान बारा महिने टिकला आहे किंवा टिकेल का, की त्यातून मृत्यू संभवतो? तो सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीतल्या कडक निकषांत बसतो का? बसला तर तिथेच मंजुरी. नाही बसला तर, तुम्ही आधीचं काम करू शकता का? आणि तेही नाही, तर देशात दुसरं कुठलं तरी काम करू शकता का? पहिल्या चार प्रश्नांत पुरावा देण्याचा भार तुमच्यावर असतो. पाचव्यात, दुसरं काम अस्तित्वात आहे हे दाखवण्याची जबाबदारी सोशल सिक्युरिटीवर येते.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या मध्ये न्यायाधीश तुमची 'उरलेली कार्यक्षमता' ठरवतो: किती तास बसता येतं, किती उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, बोटं किती चालतात, लक्ष किती वेळ लागतं. बहुतेक प्रकरणांचा निकाल यातच असतो.

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही कमरेच्या मणक्याचा एकच आजार आहे, एमआरआयही सारखेच. एक 53 वर्षांची बाई न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या गोदामात खोकी भरायचं काम करत होती. दुसरा 42 वर्षांचा गृहस्थ सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. न्यायाधीशाने ठरवलं की दोघंही फक्त बैठं काम करू शकतात, म्हणजे दिवसात सुमारे सहा तास बसणं आणि दहा पौंडांपर्यंत उचलणं. बाईला खोकी भरणं जमणार नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेली, आणि बैठ्या कामात थेट उपयोगी पडेल असं शिक्षण किंवा कौशल्य नसेल, तर नियमांच्या तक्त्यानुसार ती अपंग ठरते. त्या गृहस्थाचं जुनं काम मुळातच बैठं होतं. तो हरतो.

म्हणून त्याने एमआरआय दाखवत बसण्यात अर्थ नाही. त्याने दाखवायचं ते हे, की वीस मिनिटांच्या वर बसता येत नाही, दिवसातून दोनदा आडवं व्हावं लागतं, वेदनेच्या गोळ्यांनी डोकं जड होतं, आणि महिन्यातले तीन-चार दिवस अंथरुणातून उठताच येत नाही. हे कळल्याशिवाय सुनावणीची तयारी करणं म्हणजे मेहनत वाया घालवणं.

एक चांगला बदल अलीकडे झाला आहे. 'आधीचं काम' म्हणून पूर्वी मागच्या पंधरा वर्षांतली सगळी कामं पाहत. 22 जून 2024 पासून फक्त मागची पाच वर्षं पाहतात. बारा वर्षांपूर्वी केलेल्या टेबलावरच्या नोकरीमुळे आजचा दावा अडत नाही.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय की काम जमणार नाही. आणखी काय हवं?"

'हा रुग्ण काम करू शकत नाही' या एका ओळीच्या चिठ्ठीला इथे जवळजवळ वजन नसतं. माणूस काम करू शकतो की नाही हे ठरवणं सोशल सिक्युरिटीचं काम आहे, डॉक्टरांचं नाही, असं नियमच सांगतो. डॉक्टरांकडून हवेत ते तपशील: एका वेळी किती मिनिटं बसणं, उजव्या हाताने बारीक काम दिवसातून किती वेळ, महिन्यात किती दिवस गैरहजेरीची शक्यता, आणि हे सगळं कोणत्या तपासणीवरून म्हणता. 27 मार्च 2017 पासून केलेल्या अर्जांत नेहमीच्या डॉक्टरांच्या मताला आपोआप जास्त मान मिळत नाही. ते मत त्यांच्याच नोंदींच्या आधारावर उभं आहे का आणि बाकीच्या कागदांशी जुळतं का, हे दोन मुद्दे प्रामुख्याने पाहतात.

म्हणून दर भेटीतल्या नोंदी महत्त्वाच्या. आपली एक सवय इथे फार महागात पडते. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" आपण सभ्यपणे म्हणतो, "बरं आहे." नोंद होते: रुग्णाची तब्येत ठीक. दोन वर्षांनी न्यायाधीश तेच वाचतो. डॉक्टरांना खरं सांगा, वाईट दिवसांबद्दल सांगा, गोळीने काय होतं ते सांगा. नैराश्य, चिंता असेल तर तेही सांगा. मानसिक आजार घरातल्यांपासूनही लपवायचा, ही आपल्याकडची रीत माणसाला एकटं पाडते, आणि सुनावणीत ज्याची नोंद नाही ते सिद्ध करता येत नाही.

पुष्कळ जण स्वस्त पडतं म्हणून पुण्या-मुंबईला जाऊन उपचार घेतात, किंवा इथला विमा संपल्यावर आयुर्वेदाकडे वळतात. मग अमेरिकेतल्या फाइलमध्ये सहा-आठ महिन्यांची पोकळी दिसते आणि त्रास कमी झाला असावा असा अर्थ निघतो. भारतातले रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या फाइलमध्ये लावा. पैसे नव्हते म्हणून उपचार थांबवले असतील तर तसं स्पष्ट सांगा. ते कारण न्यायाधीशाने विचारात घ्यायचं असतं.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीची नोटीस किमान 75 दिवस आधी येते. सगळे पुरावे सुनावणीच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी द्यायचे. एखाद्या इस्पितळाकडून कागद आलेच नसतील, तर निदान ते कुठून यायचे आहेत हे त्या मुदतीत लेखी कळवून ठेवायचं. सुनावणी फोनवर, व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष होते. प्रत्यक्ष हवी असेल तर सुरुवातीच्या पत्रात दिलेल्या मुदतीत सांगा. ज्याचा त्रास पाहिल्याशिवाय कळत नाही, त्याने समोर जावं असं माझं मत आहे.

कोर्ट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नसतं. लहान खोली, न्यायाधीश, ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती, तुम्ही, तुमचा वकील असेल तर तो, आणि बहुधा फोनवर एक तज्ज्ञ. बाहेरच्या लोकांना प्रवेश नाही. सोशल सिक्युरिटीच्या बाजूने तुमची उलटतपासणी घेणारा वकील नसतो. शपथ देतात, न्यायाधीश प्रश्न विचारतो, आणि साधारण तासाभरात आटोपतं.

इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागा, तो विनामूल्य मिळतो. मुलाने किंवा सुनेने भाषांतर करावं असा मोह होतो, पण तो टाळा. आईच्या लघवीवरच्या ताब्याबद्दल किंवा बाबांच्या नैराश्याबद्दल मुलांच्या तोंडून सांगताना दोन्हीकडून काटछाट होते. इंग्रजी न येणं हा मात्र स्वतंत्र मुद्दा म्हणून आता उपयोगी पडत नाही, एप्रिल 2020 पासून तो नियम काढून टाकला आहे.

"घरात काय काय करता?" हा प्रश्न येणारच. "मी स्वयंपाक करते," एवढंच उत्तर दिलंत तर ते तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं. खरं उत्तर असं असतं: "कुकर लावते, पण डाळ-तांदूळ स्टुलावर बसून धुते, कुकर नवरा उचलतो, आणि त्यानंतर अर्धा तास पडून राहते." गणपतीला पाच दिवस पाहुण्यांत वावरलात आणि पुढचा आठवडा झोपून काढलात, तर दोन्ही सांगा. वाढवून सांगू नका, कारण फाइलशी विसंगत एक वाक्य बाकीच्या दहा खऱ्या वाक्यांना मारतं. आणि झाकूही नका. 2016 पासूनच्या नियमाने हेही स्पष्ट केलंय की लक्षणांचं मूल्यमापन म्हणजे माणसाच्या चारित्र्याची परीक्षा नव्हे. त्यामुळे प्रश्न टोचले तरी तो तुमच्या सच्चेपणावरचा हल्ला समजू नका.

फोनवरचा तज्ज्ञ कोण?

हा व्यवसायतज्ज्ञ असतो. निकाल अनेकदा याच्या उत्तरांवर फिरतो, म्हणून इथे जरा थांबू. न्यायाधीश त्याला विचारतो: "समजा, अर्जदाराच्याच वयाची, शिक्षणाची आणि अनुभवाची एक व्यक्ती आहे. ती सहा तास बसू शकते, दहा पौंड उचलू शकते, फक्त साधं काम करू शकते. तिच्यासाठी नोकऱ्या आहेत का?" तज्ज्ञ दोन-तीन नोकऱ्यांची नावं आणि देशभरातली संख्या सांगतो. ऐकताना अर्जदाराचं काळीज लक्कन हलतं. सगळं संपलं असं वाटतं.

संपलेलं नसतं. न्यायाधीश पुढे अटी वाढवत जातो. हीच व्यक्ती दिवसातला पंधरा टक्के वेळ कामावर लक्ष देऊ शकत नसेल तर? महिन्यात दोन-तीन दिवस न सांगता गैरहजर राहत असेल तर? इथे तज्ज्ञ बहुतेक वेळा सांगतो की अशा माणसाला कोणी नोकरीवर ठेवत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की या अटी तुमच्या बाबतीत खऱ्या आहेत हे फाइलमधून दिसतं का. डॉक्टरांकडून गैरहजेरीचे दिवस लिहून घ्यायचे ते यासाठी.

तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हालाही असतो. तो ज्या सरकारी व्यवसायकोशाचा आधार घेतो, तो 1991 नंतर सुधारलेलाच नाही. त्यात सुक्यामेव्यातले दाणे निवडणं, लाकडी खुंट्या तपासणं अशी कामं आहेत. वर्षानुवर्षं लोकांना अशा, आता जवळपास नाहीशा झालेल्या कामांची नावं सांगून नकार दिला गेला. अखेर जून 2024 मध्ये सोशल सिक्युरिटीने कोशातले 114 व्यवसाय नकारासाठी वापरायचे नाहीत असं ठरवलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

वकील केलाच पाहिजे का?

सक्ती नाही. पण व्यवसायतज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारणं, डॉक्टरांकडून योग्य नमुन्यात माहिती आणणं, ही कामं सरावाची आहेत. मी तरी एकट्याने जायचा सल्ला देणार नाही. फी आधी द्यावी लागत नाही. जिंकलात तर तुम्हाला मिळणाऱ्या मागच्या महिन्यांच्या थकबाकीच्या 25 टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम (2025 साली ती 9,200 डॉलर होती), यांत जे कमी असेल तेवढी, आणि ती बहुधा सोशल सिक्युरिटीच थकबाकीतून कापून देते. हरलात तर फी नाही. कागद मागवण्याचा वगैरे खर्च मात्र वेगळा असू शकतो, तो सही करण्याआधी विचारा. काही ठिकाणी लीगल एडच्या संस्था ही कामं फुकट करतात. ज्यांचा व्हिसा नोकरीवर टिकून आहे, त्यांनी काम सोडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही भेटावं. एसएसडीआयसाठी अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य लागतं, आणि तो प्रश्न ही सुनावणी सोडवत नाही.

निकाल कसा वाचायचा?

निकाल टपालाने येतो. पूर्ण मंजुरी, पूर्ण नकार, किंवा अंशतः मंजुरी. अंशतः म्हणजे तुम्ही अपंग आहात हे मान्य, पण तुम्ही सांगता त्या तारखेपासून नाही. ही तारीख म्हणजे थेट पैसा. अपंगत्व सुरू झाल्यानंतरचे पूर्ण पाच महिने एसएसडीआय देत नाही, आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतं ते हक्क सुरू झाल्यावर 24 महिन्यांनी. सुरुवातीची तारीख वर्षभर पुढे गेली की दोन्ही पुढे सरकतात. मधल्या काळात तुम्ही बरे झाला असाल, तरी दावा सोडू नका. कॅन्सरच्या उपचारात चौदा महिने गेले आणि मग माणूस कामावर परतला, तर तेवढ्याच ठरावीक काळासाठीही मंजुरी मिळू शकते.

नकार आला तर 60 दिवसांत सोशल सिक्युरिटीच्याच अपील्स कौन्सिलकडे जाता येतं. तिथे पुन्हा सुनावणी होत नाही, न्यायाधीशाने कायद्यात किंवा पुरावा तोलण्यात चूक केली का हे पाहतात. कौन्सिलनेही नाकारलं तर फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट, पुन्हा 60 दिवसांत. तिथले न्यायाधीश स्वतः रुग्णाला विचारत नाहीत, ते सुनावणीची नोंद आणि फाइल वाचतात, आणि चूक सापडली तर बरेचदा प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत पाठवतात. त्यामुळे पहिल्या सुनावणीत जे बोललं गेलं आणि जे कागद लागले, त्यावरच पुढची सगळी लढाई चालते. एखादा रिपोर्ट राहिलाय असं सुनावणी संपताना लक्षात आलं, तर तिथेच, ध्वनिमुद्रण चालू असताना न्यायाधीशाला सांगा आणि तो दाखल करण्यासाठी मुदत मागा.